व्होल्टेज उतरवले आणि लॅपटॉप मंदावला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळा सुरू झाल्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे. लॅपटॉप तापतो म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेज कमी केले, म्हणजे ज्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात ते केले, आणि त्यानंतर यंत्र थंड होऊन वेगवान होण्याऐवजी मंदावले. त्यामुळे या महिन्याचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. प्रोसेसर काम करत असताना खर्च होणारी वीज ही त्याच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखादा प्रोसेसर एका ठरावीक वेगाला १.१ व्होल्ट घेत असेल आणि तो त्याच वेगाला १.० व्होल्टवर चालवता आला, तर या भागातील विजेचा खर्च सुमारे १७ टक्क्यांनी घटतो आणि तेवढी उष्णताही कमी होते. याचा अर्थ असा की नीट जमलेल्या अंडरव्होल्टिंगने वेग घटत नाही, उलट उष्णतेच्या त्याच मर्यादेत प्रोसेसर अधिक काळ वरच्या वेगाला टिकतो. म्हणून व्होल्टेज उतरवल्यानंतर वेग पडला असेल, तर ‘आणखी दहा मिलिव्होल्ट कमी करून पाहू’ असे न म्हणता प्रोसेसरला नेमकी कोणती मर्यादा अडवत आहे, हे आधी शोधावे. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत दोष अंडरव्होल्टिंगचा नव्हताच.

प्रश्न: मी अमळनेर येथे लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि संकलन करतो. माझ्या लॅपटॉपमध्ये कोअर आय७-९७५०एच प्रोसेसर आहे. लग्नसराईत दुपारी काम करताना तापमान ९५ अंशांच्या वर जात असे, म्हणून एका मित्राने थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममधून कोअर (प्रोसेसरमधील हिशेब करणारे भाग) आणि कॅशे (त्यांच्याजवळची छोटी स्मृती) दोन्हींचे व्होल्टेज १२० मिलिव्होल्टने कमी करून दिले. काही दिवस उत्तम चालले. आता मात्र वेग ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकून बसतो, साधी फोल्डरची खिडकीदेखील उघडायला वेळ लागतो. व्होल्टेजमधील घट पूर्ववत शून्यावर आणली तरी फरक पडला नाही. गंमत अशी की चार्जर काढून बॅटरीवर चालवले की यंत्र बरे चालते. जुन्या चार्जरची वायर तुटल्यामुळे मी बाजारातून दुसरा चार्जर घेतला आहे, एवढाच काय तो मधल्या काळात झालेला बदल. विंडोज नव्याने टाकावी का?

उत्तर: विंडोज नव्याने टाकण्यात आपले लग्नसराईतील दिवस वाया जातील आणि वेग जिथे आहे तिथेच राहील. आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य आपण ओघात लिहिले आहे, पण बहुधा उत्तर तिथेच आहे.

०.७९ हा आकडाच पुष्कळ काही सांगतो. आपल्या प्रोसेसरचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बोचा, म्हणजे गरज पडल्यावर तात्पुरता गाठायचा, कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ आहे. व्होल्टेज फार कमी झाले तर यंत्र बंद पडेल, निळा पडदा दिसेल किंवा चुका होतील, पण ते शिस्तीत ८०० मेगाहर्ट्झला येऊन थांबणार नाही. ८०० हा आकडा १०० मेगाहर्ट्झच्या पायाभूत ठोक्याला प्रोसेसरच्या सर्वांत खालच्या गुणकाने, म्हणजे ८ ने गुणून येतो. कोणीतरी प्रोसेसरला ‘ताबडतोब तळाला ये’ असा इशारा देत आहे आणि प्रोसेसर तो पाळत आहे. या इशाऱ्याला प्रॉकहॉट म्हणतात. प्रोसेसर स्वतः तापल्यावर तो देतो, पण ही तार दुहेरी वाहतुकीची असल्याने मदरबोर्डवरील इतर भागही तिच्यावरून प्रोसेसरला थांबवू शकतात. थ्रॉटलस्टॉपमध्ये या दुसऱ्या प्रकाराचे नाव बीडी प्रॉकहॉट असे आहे.

बाहेरून इशारा देणाऱ्यांमध्ये चार्जरची ओळख न पटणे हे अत्यंत नेहमीचे कारण आहे. काही उत्पादकांच्या चार्जरच्या गोल पिनच्या मध्यभागी सुईएवढी बारीक तार असते. तिच्यातून वीज येत नाही, तर चार्जर किती वॅटचा आहे याची माहिती येते. पर्यायी चार्जरमध्ये ती माहिती नसेल, ती बारीक तार वाकली असेल, किंवा चार्जर मूळच्यापेक्षा कमी वॅटचा असेल, तर लॅपटॉप सावधगिरी म्हणून प्रोसेसरला तळाला आणतो, आणि पुष्कळदा बॅटरी चार्ज करणेही थांबवतो. चार्जर काढल्यावर वेग परत येतो, या आपल्या निरीक्षणाशी हे तंतोतंत जुळते.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. थ्रॉटलस्टॉप उघडून ‘लिमिट्स’ हे बटण दाबावे. उघडणाऱ्या छोट्या खिडकीत वेगवेगळ्या मर्यादांची नावे असलेले चौकोन दिसतात. जी मर्यादा या क्षणी लागू आहे तिचा चौकोन लाल होतो आणि जी मधल्या काळात लागून गेली आहे तिचा पिवळा होतो. ‘क्लिअर’ दाबून जुन्या नोंदी पुसाव्यात, चार्जर जोडावा आणि पाहावे. बीडी प्रॉकहॉटचा चौकोन लाल झाला आणि चार्जर काढल्यावर तो लाल राहिला नाही, तर शंकेला जागा उरत नाही. त्याशिवाय लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅममध्ये) जाऊन चार्जरची माहिती पाहावी. तिथे वॅटचा आकडा नसेल किंवा चार्जर अज्ञात असल्याचे लिहिलेले असेल, तर चार्जर बदलणे हाच उपाय आहे, आणि तो बदलताना मूळ चार्जरवर छापलेले वॅट आणि व्होल्ट पाहूनच घ्यावा. पिन नुसती घट्ट बसते म्हणून चार्जर योग्य, असे समजू नये.

आपल्याला कदाचित कोणी असेही सुचवेल की मुख्य खिडकीतील बीडी प्रॉकहॉटची खूण काढून टाकली की वेग लगेच परत येतो. तो येतो, हे खरे आहे, आणि निदान करण्यासाठी दोन मिनिटे खूण काढून पाहण्यास माझी हरकत नाही. प्रोसेसरचे स्वतःचे १०० अंशांचे संरक्षण त्यानंतरही शाबूत राहते. पण ती खूण कायमची काढून कमी वॅटच्या चार्जरवर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत बसणे म्हणजे मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचे भाग आणि तो चार्जर दोन्ही भाजून काढणे होय. अमळनेरच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ अंशांवर असताना, हे करू नये असे मी कळकळीने सांगतो.

मूळ प्रतीचा चार्जर लावूनही चौकोन लालच राहिला, तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग पुन्हा सुरू करावा. यामुळे वीज आणि तापमान सांभाळणारी आतली छोटी चिप नव्याने सुरू होते, आणि अडकून बसलेला इशारा पुष्कळदा निघून जातो. त्यानेही भागले नाही आणि बॅटरीवरदेखील वेग ८०० च्या पुढे जाईना, तर चार्जरची जोडणी बसवलेला भाग किंवा मदरबोर्डवरील तापमान मोजणारा एखादा सेन्सर बिघडलेला असण्याची शक्यता आहे, आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे लागेल. आपला १२० मिलिव्होल्टचा आकडा या प्रोसेसरसाठी अशक्यप्राय नाही, परंतु तो काठावरचा आहे. चार्जरचा प्रश्न सुटल्यावर ८० पासून पुन्हा सुरुवात करावी.

प्रश्न: मी जळगाव येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा लॅपटॉप कोअर आय७-१०७५०एच प्रोसेसरचा आहे. पूर्वी १०० मिलिव्होल्ट कमी केल्यावर तापमान चांगले उतरत असे. बायोसचे अपडेट घेतल्यानंतर तोच आकडा भरला तरी तापमान पूर्वीसारखेच चढते आणि वेग पडतो. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर या व्होल्टेज बदलण्याच्या खिडकीत ‘लॉक्ड’ असा शब्द दिसतो. जुने बायोस परत टाकावे का?

उत्तर: आपण भरलेला आकडा प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे आपला लॅपटॉप आज अंडरव्होल्ट झालेला नाही. तापमान आणि वेग दोन्ही अंडरव्होल्टिंग करण्याच्या आधीसारखे होणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

यामागील कारण सांगण्यासारखे आहे, कारण अनेक वाचकांना हा उत्पादकाचा मनमानी निर्णय वाटतो. १० डिसेंबर २०१९ रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठ, ग्राझचे तंत्रविद्यापीठ आणि लूव्हेनचे विद्यापीठ येथील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. त्याची अधिकृत नोंद सीव्हीई-२०१९-१११५७ या क्रमांकाने आहे. अंडरव्होल्टिंगसाठी आपण जो दरवाजा वापरतो, त्याच दरवाजाने व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली खेचून प्रोसेसरला गणितात चूक करायला लावता येते, आणि इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यात ठेवलेली गुपिते त्या चुकांवरून बाहेर काढता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. सहाव्या पिढीपासून दहाव्या पिढीपर्यंतचे कोअर प्रोसेसर त्यात सापडले. त्यानंतर इंटेलने दिलेल्या दुरुस्तीनुसार लॅपटॉप उत्पादकांनी बायोसमधूनच व्होल्टेज बदलण्याची वाट बंद केली. आपल्या अपडेटमध्ये हेच झाले असावे.

हा हल्ला करण्यासाठी आधी यंत्रावर प्रशासकाचे अधिकार मिळवावे लागतात, त्यामुळे घरगुती वापरात त्याची थेट भीती फारशी नाही, हे मान्य आहे. तरीही जुने बायोस परत टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. एक तर अनेक उत्पादक मागे जाऊच देत नाहीत, आणि जबरदस्तीने टाकताना वीज गेली तर लॅपटॉप सुरूच होणार नाही अशी वेळ येते. शिवाय नव्या बायोसमध्ये केवळ हाच एक बदल नसतो. सुरक्षेच्या इतर दुरुस्त्याही त्याबरोबर निघून जातात.

काही लॅपटॉपांवर बायोसने वाट बंद केलेली नसते, पण विंडोजमधील ‘कोअर आयसोलेशन’खालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा किंवा हायपर-व्ही (एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवण्याची सोय) सुरू असल्यामुळे व्होल्टेज बदलता येत नाही. आपल्या बाबतीत बदल बायोसच्या अपडेटनंतरच झाला असल्याने हे कारण नसावे. ज्यांच्या यंत्रावर ते असेल, त्यांनी ही सुरक्षा बंद करण्यापूर्वी त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात का, याचा विचार करावा.

व्होल्टेजला हात लावता येत नसला तरी वेगाची वरची मर्यादा आपल्या हातात असते, आणि उष्णतेच्या दृष्टीने ती जवळजवळ तितकीच उपयोगी आहे. वरच्या शेवटच्या काही शेकडा मेगाहर्ट्झसाठी प्रोसेसर अवाजवी व्होल्टेज मागतो. सर्व कोअर चालू असतानाचा टर्बोचा गुणक ४३ वरून ३८ वर आणला, तर काम किंचित हळू होते, पण तापमान लक्षणीय उतरते, आणि तापमानाच्या धक्क्याने वेग वरखाली होत राहणे थांबल्यामुळे प्रत्यक्ष कामाला लागणारा वेळ पुष्कळदा तेवढाच राहतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये कमाल प्रोसेसर स्थिती ९९ टक्के ठेवली की टर्बो पूर्णच बंद होतो. तो उपाय फार टोकाचा आहे. वर्गात टिपणे घेताना चालेल, प्रकल्पाचे प्रोग्रॅम चालवताना नाही.

आणखी एक गोष्ट. कपाशीच्या हंगामात आपल्या भागात हवेत तरंगणारे बारीक तंतू आणि काळ्या मातीची धूळ लॅपटॉपच्या फॅनमागील तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर जमून नमद्यासारखा थर तयार होतो. फॅनवर फुंकर मारून तो निघत नाही, कारण तो फॅन आणि पाती यांच्या मधोमध असतो. मागचे झाकण उघडून, फॅन हलकेच धरून ठेवून, तो थर ब्रशने अखंड उचलून काढावा लागतो. दोन-तीन वर्षे वापरलेल्या यंत्राची थर्मल पेस्टही त्याच वेळी बदलून घ्यावी. जिथे व्होल्टेज बदलता येत नाही तिथे सर्वांत जास्त फायदा या कामाचा होतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न: मी भुसावळहून लिहीत आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा तेराव्या पिढीचा एचएक्स प्रोसेसर आहे. बायोसमध्ये एसी लोडलाइनचा (प्रोसेसर भाराप्रमाणे किती व्होल्टेज मागेल हे ठरवणारा) आकडा कमी केल्यावर तापमान एकदम १५ अंशांनी उतरले. टास्क मॅनेजरमध्ये वेग पूर्वीइतकाच दिसतो. यंत्र एकदाही बंद पडलेले नाही. तरीही सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचे गुण सुमारे १५ टक्क्यांनी कमी येतात आणि मोठ्या फाइली तयार व्हायला जास्त वेळ लागतो. वेग तोच असताना काम कमी कसे होते?

उत्तर: या महिन्यात आलेल्या पत्रांतील हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न आहे, कारण यात सगळे आकडे चांगले दिसतात आणि नुकसान लपून राहते.

टास्क मॅनेजर किंवा तत्सम प्रोग्रॅम जो वेग दाखवतात तो प्रोसेसरने ठरवलेला गुणक असतो. प्रत्यक्षात किती ठोके पडले हे त्यातून कळत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढील प्रोसेसरांमध्ये करंट एक्स्कर्शन प्रोटेक्शन, म्हणजे सीईपी, नावाचे संरक्षण आहे. अपेक्षेपेक्षा व्होल्टेज कमी मिळते आहे असे त्याच्या लक्षात आले की ते यंत्र बंद पडू न देता ठोक्यांमधील अंतर ताणते. गुणक ४५ चा ४५ राहतो, पण ठोके मात्र विरळ पडतात. लोडलाइनचा आकडा कमी केल्याने प्रोसेसर मदरबोर्डकडे जे व्होल्टेज मागतो ते घटते, आणि सीईपीच्या दृष्टीने ती घट संशयास्पद ठरते. तापमान १५ अंशांनी उतरले, त्यातील काही भाग व्होल्टेज घटल्याचा आहे आणि काही भाग काम घटल्याचा.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा विनामूल्य प्रोग्रॅम घ्यावा. त्यातील सेन्सरांच्या यादीत प्रत्येक कोअरच्या क्लॉकची एक ओळ असते आणि खाली ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ अशी दुसरी ओळ असते. सिनेबेंच सर्व कोअरवर चालू ठेवून या दोन ओळींची तुलना करावी. निरोगी यंत्रात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. आपल्याकडे वरचा आकडा ४.५ आणि खालचा ३.८ असा काहीसा फरक दिसला, तर निदान झाले. ही तुलना पूर्ण भार असतानाच करावी, कारण यंत्र निवांत असताना कोअर झोपी जातात आणि इफेक्टिव्ह क्लॉक तसाही अगदी खाली दिसतो. तो पाहून घाबरून लिहिलेलीही पत्रे आली आहेत.

उपाय म्हणून लोडलाइन मूळ आकड्यावर परत न्यावी आणि व्होल्टेज कमी करायचे असेल तर ते कोअरच्या ऑफसेटमधून (ठरलेल्या व्होल्टेजमधून वजा होणाऱ्या आकड्यातून), दहा-दहा मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी करावे. प्रत्येक पायरीवर सिनेबेंच किमान दहा मिनिटे सलग चालवून गुण लिहून ठेवावेत. गुण वाढत आहेत तोवर पुढे जावे, आणि ज्या पायरीवर ते उतरायला लागतील तिच्या आधीच्या पायरीवर थांबावे. तापमानाचा आकडा या वेळी पाहूच नये, असे मी म्हणेन. तो खाली येताना पाहून माणूस नको तितका पुढे जातो. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये सीईपी बंद करण्याची सोय असते. ती वापरल्यास गुण परत येतात, पण मग यंत्र अचानक बंद पडण्याची जोखीम आपल्या अंगावर येते, हे समजून ती वापरावी.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ज्यांना कर्व्ह ऑप्टिमायझर हे व्होल्टेज उतरवण्याचे सेटिंग उपलब्ध आहे, त्यांनाही हेच लागू आहे. तिथेही व्होल्टेज फार उतरवले की ठोके ताणले जातात, आणि तिथेही इफेक्टिव्ह क्लॉक आणि बेंचमार्कचे गुण हेच खरे साक्षीदार आहेत.

प्रश्न: मी धुळे येथे शिक्षक आहे. माझा लॅपटॉप कोअर आय५-८२५०यू प्रोसेसरचा आहे. अंडरव्होल्ट केल्यावर जड काम सुरू केले की वेग ३.४ गिगाहर्ट्झ असतो, पण अर्ध्या मिनिटात तो २.४ च्या आसपास येतो. तापमान तर ७० अंशांच्या आतच असते. मग वेग का पडतो?

उत्तर: आपल्या यंत्रात बिघाड नाही. आपला प्रोसेसर दीर्घकाळासाठी १५ वॅटचा आहे. ही पीएल-१ नावाची मर्यादा. त्याहून वरची पीएल-२ ही मर्यादा थोड्या वेळेपुरती, सामान्यतः २८ सेकंदांपर्यंत, वापरण्याची मुभा असते. ती मुदत संपली की तापमान कितीही कमी असो, प्रोसेसर १५ वॅटमध्ये जेवढा वेग बसेल तेवढ्यावर येतो. लिमिट्सच्या खिडकीत पीएल-१ चा चौकोन लाल झालेला आपल्याला दिसेल. या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे २.४ हा आकडा चांगलाच आहे. व्होल्टेजमधील घट शून्यावर नेऊन तेच काम केले तर तो याहून खाली येईल, आणि तो फरक हीच आपल्या अंडरव्होल्टिंगची कमाई आहे. थंड करण्याची सोय चांगली असेल तर पीएल-१ थोडी वाढवून पाहता येते, मात्र पुष्कळ पातळ लॅपटॉपांत आतील चिप ती पुन्हा १५ वर आणते.

याउलट वेग नेमका १.६ वर चिकटून राहत असेल आणि हलका भार असतानाही त्याच्या वर जात नसेल, तर टर्बो बंद झालेला असतो. थ्रॉटलस्टॉपमधील ‘डिसेबल टर्बो’ची खूण आणि वर सांगितलेली ९९ टक्क्यांची मर्यादा या दोन जागा तपासाव्यात. वेग वर जातो, पण आळसावून जातो, असे वाटत असेल तर स्पीड शिफ्टचा (प्रोसेसरने स्वतःच वेग ठरवण्याच्या सोयीचा) ईपीपी हा आकडा पाहावा. तो ० ते २५५ यांमध्ये असतो, ० म्हणजे पूर्ण वेगाकडे कल आणि २५५ म्हणजे पूर्ण बचतीकडे. सेटिंग करून देणाऱ्याने बॅटरी वाचावी म्हणून तो २०० च्या वर ठेवलेला असेल, तर यंत्र सुस्त वाटणारच. चार्जरवर तो ८० ते १२८ च्या दरम्यान ठेवावा.

प्रश्न: मी शहाद्याहून लिहिते. जड काम करताना काही होत नाही, पण लॅपटॉप नुसता पडून असताना किंवा झोपेतून उठवताना निळा पडदा येतो आणि त्यानंतर व्होल्टेजचे सेटिंग निघून जाऊन तो पुन्हा तापायला आणि मंदावायला लागतो.

उत्तर: पूर्ण भारात टिकलेला आकडा हलक्या भारात टिकतोच असे नाही. निवांत असताना व्होल्टेज आधीच कमी असते, त्यातून आपण आणखी वजा करतो, आणि एखादा कोअर एकदम वर उसळी मारताना ते अपुरे पडते. आपला आकडा सौम्य करावा, म्हणजे आता वजा करता त्यापेक्षा २० मिलिव्होल्ट कमी वजा करावेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत व्हिया-लॉगर (WHEA-Logger) या नावाच्या नोंदी शोधाव्यात. निळा पडदा न येताही अशा नोंदी साचत असतील, तर प्रोसेसर चुका करत आहे आणि त्या दुरुस्त करत आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि तेव्हाही आकडा सौम्यच करावा. इंटेलचा एक्सटीयू हा प्रोग्रॅम वापरत असाल, तर यंत्र बंद पडल्यानंतर तो सुरक्षिततेसाठी सर्व सेटिंग मूळपदावर आणतो, म्हणून लॅपटॉप पुन्हा तापायला लागतो. जानेवारीत ठरवलेला आकडा मे महिन्यात पुन्हा तपासावा, कारण गरम प्रोसेसरला त्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागू शकते.

प्रश्न: रावेरजवळ आमच्या केळीच्या बागेतल्या घरी विजेचा दाब सतत कमी-जास्त होतो. मोटारी चालू झाल्या की दिवे मंद होतात. याने माझ्या प्रोसेसरचे आधीच कमी केलेले व्होल्टेज आणखी कमी होते का? त्या वेळी लॅपटॉपही मंद होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर: आपण पाहिलेले खरे आहे, पण कारण वेगळे आहे. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा घेऊ शकतो आणि बाहेर ठरलेला एकच दाब देतो, म्हणून दिवे मंद झाले तरी प्रोसेसरपर्यंत पोहोचणारे सुमारे एक व्होल्ट त्याने बदलत नाही. ते मदरबोर्डवरील नियामक ठरवतो.

मात्र दाब फारच खाली गेला किंवा क्षणभर वीज गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर जातो. त्या क्षणी विंडोज बॅटरीसाठीचा पॉवर मोड घेते, थ्रॉटलस्टॉपमध्ये बॅटरीसाठी वेगळी प्रोफाइल ठरवली असेल तर तीही लागू होते, आणि अनेक लॅपटॉपांचे बायोस बॅटरीवर असताना वीजमर्यादा आपोआप उतरवते. बॅटरी जुनी असेल तर ही मर्यादा अधिकच कडक होते. वीज परत आल्यावर चार्जरची ओळख पटायला काही सेकंद जातात आणि तोवर वेग खालीच राहतो. मोटारी चालू होण्याच्या वेळी टास्कबारमधील बॅटरीचे चिन्ह पाहावे. प्लगची खूण क्षणभर नाहीशी होत असेल तर हेच घडत आहे. स्टॅबिलायझरऐवजी एक छोटा यूपीएस चार्जरच्या आधी लावावा, कारण स्टॅबिलायझर दाब सांभाळतो, पण क्षणभर गेलेली वीज भरून काढत नाही. यूपीएस घेताना चार्जरवर छापलेल्या वॅटच्या निदान दीडपट वॅट त्यावर लिहिलेले आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.